शेजारच्या पत्र्यावरचा दात

"सर, मोठ्या माणसाच्या तोंडात दुधाचा दात राहिला, तर तो माणूस आतून लहानच राहतो का?"

हा प्रश्न मी माइकवर विचारला. शाळेच्या हॉलमध्ये, दंततपासणी शिबिरात. तीनशे वीस पोरं-पोरी, अकरा शिक्षक आणि स्टेजवर सत्काराचा नारळ मांडीवर घेऊन बसलेले माझे पप्पा, या सगळ्यांसमोर. माझा तसा बिलकुल विचार नव्हता. पण तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला तेव्हापासून माझ्यात एक तेज आलंय (मम्मी त्याला आगाऊपणा म्हणते), आणि ते तेज माझ्या मैत्रिणींना, म्हणजे शिवकन्या आणि प्रतीक्षाला, बघवत नव्हतं. शिवकन्यानं मला कोपरानं ढोसलं. "लई बोलती ना आता तू? मग इचार की माइकवर. न्हाई इचारलं तर तू भित्री."

आता भित्री म्हटल्यावर माणसानं काय करायचं?

हॉल असा हसला, की मागच्या खिडकीतली कबुतरं उडाली. कारण आमच्या दिंद्रुड गावात दुधाचा दात म्हटलं की कुणाचा, हे विचारावं लागत नाही. माझे पप्पा अर्जुनराव हे सोसायटीचे चेअरमन. वय चव्वेचाळीस, वजन ब्याण्णव, मिशी जाड. दरवर्षी त्यांच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर पप्पांचं तोंड चार फुटांचं होतं आणि त्या तोंडात, वरच्या बाजूला डावीकडे, जिथे सुळा असायला पाहिजे तिथे ज्वारीच्या दाण्याएवढा एक दात असतो. फ्लेक्सवर तो दाणाही लिंबाएवढा होतो. पप्पा दहा-बारा वर्षांचे असतील तेव्हा त्याच्या शेजारचे सगळे पडले, नवे आले. हा काही हलला नाही. गावात कुणी पप्पांसमोर त्याचं नाव काढत नाही, आणि पप्पांच्या पाठीमागे दुसरं काही बोलत नाही.

बीडहून आलेले रविराज डॉक्टर मात्र हसले नाहीत. ते उठले, खिशातली बॅटरी काढली आणि म्हणाले, "साहेब, जरा आ करा."

चेअरमन माणूस. तीनशे वीस पोरांसमोर, मांडीवर नारळ, आणि आ. मला त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तरी मी तक्रार केली नसती. डॉक्टरांनी आत बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळले. "तू इकडे ये. तूही आ कर." मी आ केला. त्यांनी माझ्या खालच्या दाढेवर काहीतरी टकटक केलं. "हिच्यातही आहे एक. दुधाची दाढ. चौदाव्या वर्षीही घट्ट."

आता हॉल हसला नाही. ते मला जास्त लागलं.

"दोघांचे एक्स-रे काढू," डॉक्टर बॅटरी बंद करत म्हणाले. "दुधाचा दात पडत नाही त्याला कारण असतं. खाली कोण आहे ते बघावं लागेल."

काय आहे, असं म्हणाले असते तर मी त्या दिवशी नीट जेवले असते.

---

पुढचे आठ दिवस माझी जीभ त्या दाढेवरच होती. गणिताच्या तासाला, अंघोळ करताना, देवापुढे उभी असताना, जीभ आपली तिथे. बारा वर्षं ती दाढ माझ्या तोंडात होती आणि आमची ओळखच नव्हती. आता मी तिला चाचपायची आणि मला वाटायचं, तीही मला चाचपतेय.

सल्ले तर दारात चपलांसारखे जमा झाले. फ्लेक्सवाला रामहरी म्हणाला, "चेअरमन, डॉक्टर-फिक्टर कशाला? मी काम्पुटरवर मोठा करून देतो की दात." निवृत्त आसाराम गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "दुधाचा दात राखलेल्या माणसाला कोर्टात हार नसते. अर्जुनराव, बांधाच्या केशीचा निकाल लागूद्या, मग काढा." पप्पांनी आठवण करून दिली की ती केस आपण हरलोय. गुरुजींनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मग पूर्ण जोर लावला नसल दातानं."

आणि वत्सलाआजी. ही आमची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. तिचं पत्र्याचं घर, आमचं स्लॅबचं. दिवाळीनंतर तिचा मुलगा धुळाजीकाका आणि काकू ऊसतोडीला जातात ते पार होळीपर्यंत. तेवढे महिने ती एकटी असते आणि तिचा डबा मी नेऊन देते. तिच्या तोंडात बारा वर्षांपासून एकही दात नव्हता. ती माझी हनुवटी धरून म्हणाली, "पोरी, जे आत बसलंय त्याला बसू द्यावं. बोलवलं की येतंय."

"कोण येतंय, आजी?"

"मला काय ठावं? तुमी एक्स-रे काढायलात ना?"

---

बीडला रविराज डॉक्टरांच्या दवाखान्यात खिडकीमागे एक ऑपरेटर होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि चेहऱ्यावर कुणाचीच ओळख नव्हती.

"पेशंटचं वय?"

"चव्वेचाळीस," पप्पा म्हणाले.

"तक्रार?"

पप्पांनी इकडे तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "दुधाचा दात."

ऑपरेटरनं बटणं दाबली. कॉम्प्युटर टुंग वाजला. "घेत न्हाई साहेब. दुधाच्या दाताला चौदाच्या वर वय घेतच न्हाई. वय चुकलंय तुमचं."

"माझं वय मला माहीत नाही का?"

"आधार दावा."

पप्पांनी आधार दाखवलं. ऑपरेटरनं आधारकडे बघितलं, मिशीकडे बघितलं आणि फार दुःखानं म्हणाला, "मग दात चुकलाय."

मागे रांग वाढत होती. एक बाई म्हणाली, "ओ, लहान लेकराचं आधी घ्या की." यावर ऑपरेटरला एकदम सुचलं. त्यानं पप्पांचा एक्स-रे माझ्या नावावर टाकला: संस्कृती अर्जुनराव, वय चौदा. कॉम्प्युटर खूश. मग माझी पाळी आली तर, "ही तर आत्ताच झाली," म्हणून मला पप्पांच्या नावावर टाकलं: अर्जुनराव, वय चव्वेचाळीस, दाढदुखी. माणसाला सरकारात आणि दवाखान्यात स्वतःच्या नावानं जाता आलं, तर तो खरा नशीबवान!

म्हणून आत अंधाऱ्या खोलीत, पाठीमागून दिवा लावलेल्या काचेवर डॉक्टरांनी पहिली फिल्म लावली तेव्हा खाली माझं नाव होतं.

एक्स-रेत माणसाला ओठ नसतात. नुसते दात हसत असतात. त्या हसणाऱ्या ओळीच्या वर, हाडाच्या आत, एक पूर्ण वाढलेला दात आडवा पडला होता. टोकदार, पांढराशुभ्र, आणि असा निवांत, की पांघरूण घेऊन कुशीवर झोपलाय.

"हा बघ संस्कृती," डॉक्टर म्हणाले, "हा तुझ्या आत."

मी तोंड घट्ट मिटलं, जणू मिटलं की तो बाहेर येणार नाही. पाच मिनिटं तो माझ्या आत होता. मग डॉक्टरांनी फिल्म पुन्हा निरखली, अक्कलदाढा मोजल्या, कपाळाला हात लावला आणि नावांची अदलाबदल केली. तो पप्पांचा होता. बारा-तेराव्या वर्षी बाहेर यायचा सुळा, बत्तीस वर्षं आतच झोपलेला.

"आणि माझ्या दाढेखाली?"

डॉक्टरांनी दुसरी फिल्म लावली. माझ्या दुधाच्या दाढेखाली नुसतं करडं, धुरकट हाड होतं. "तुझ्या खाली कुणी नाही," ते म्हणाले. "काहीजणांना तो दात तयारच होत नाही."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं. आणि जिना उतरताना वाटलं, की कुणी असलेलं परवडलं असतं.

पप्पांचं ठरलं ते असं: दुधाचा दात काढायचा, वरची हिरडी उघडायची, झोपलेल्या दाताला बारीक साखळी चिकटवायची, दातांना तारा लावायच्या आणि त्या तारेनं साखळी ओढत ओढत, महिन्याला जरा जरा, त्याला खाली आणायचं. वर्ष-दीड वर्ष. माझ्यासाठी दोन रस्ते होते. दाढ आहे तशी ठेवायची, कदाचित चाळिशीपर्यंत टिकेल, कदाचित पुढच्या वर्षी पडेल. किंवा आत्ताच काढून तारांनी फट बुजवायची. "दोन्ही चालतं, निर्णय तुमचा," असं डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, पण उत्तर सोबत आलेल्या मम्मीनं दिलं.

"काढूनच टाकू. यांच्यासंगंच होऊन जाईल. पोरीची जात हाय, उद्या तोंडात दुधाचा दात घिऊन मांडवात उभी राहील का?"

मांडवात! मला अजून सायकलनं तेलगावला एकटीला जाऊ देत नाहीत. पण मी काही बोलले नाही, कारण वक्तृत्व स्पर्धेत विषय आधी देतात, तयारीला वेळ मिळतो. माझा नंबर वार्षिक परीक्षा झाल्यावर लावायचा ठरला.

---

पप्पांचा दात निघाला तेव्हा डॉक्टरांनी तो कापसात गुंडाळून दिला. घरी आणून बघितला. बेचाळीस वर्षं भाकरी आणि सुपारी खाऊन तो एका बाजूनं घासून सपाट झाला होता आणि कडेनं तपकिरी. मला तो म्हाताऱ्या बोकडासारखा वाटला, ज्याला सगळे अजून करडू म्हणतात.

आमच्याकडे रीत अशी, की पडलेला दुधाचा दात शेणाच्या गोळीत घालून ज्याचा त्यानं घरावर फेकायचा आणि मागे न बघता आत यायचं. मग नवा चांगला येतो. मम्मीनं गोळी करून ठेवली.

"मी?" पप्पा म्हणाले. दोन तासांपूर्वी हिरडी शिवलेली, तोंडात कापूस, त्यामुळे ते 'बी' ऐकू आलं. "चेअरमन माणूस शेणाची गोळी घेऊन अंगणात उभा राहील?"

"अंधश्रद्धा न्हाई वो, रीत हाय. लोकांनी लेकरं असताना केली, तुमची राहिलती."

पप्पांनी भर दुपारी एकची वेळ निवडली, गल्लीत कुत्रंही नसतं म्हणून. ते अंगणात आले आणि गल्लीतली सगळी दारं उघडली. लोकांना कुठून कळतं देव जाणे. रामहरीनं मोबाइल काढला. आसाराम गुरुजी म्हणाले, "पूर्वेला तोंड करा." पप्पांना राग आला. आणि पप्पा तरुणपणी व्हॉलीबॉल खेळत, जिल्ह्यात त्यांच्या स्मॅशला नाव होतं, हे नेमकं त्यांच्या हाताला त्याच वेळी आठवलं.

गोळी आमच्या स्लॅबवरून, टाकीवरून, भिंतीवरून पार गेली आणि वत्सलाआजीच्या पत्र्यावर पडली. टण्ण!

मग ती घरंगळली. आम्ही सगळे ऐकत होतो. पत्रा उताराचा, गोळी खाली यायला पाहिजे. घरंगळण्याचा आवाज आला, गेला, गेला, गेला, आणि थांबला. खाली काहीच पडलं नाही.

वत्सलाआजी दारात आली. वर बघितलं, मग पप्पांकडे. "अर्जुना, कुणाचा हाय?"

"माझा हाय, मावशी. चुकून आला."

"स्वताचं घर सोडून माझ्या घरावर कावून टाकलास? दाताला चूकबीक कळत न्हाई, बाबा. जिथं टाकला तिथंच उगवतो त्यो."

सगळे हसले. पप्पांनाही हसू आलं, पण टाका ओढला म्हणून ते मधेच थांबलं.

---

तारा लागल्या आणि आमच्या घरात वाट बघणं सुरू झालं. मम्मी रोज सकाळी चहा देताना विचारायची, "आला का?" पप्पा जिभेनं चाचपून म्हणायचे, "न्हाई अजून." समोरच्या काकूंना वाटलं आमच्याकडे पाहुणा यायचाय, त्यांनी दोनदा विचारलं, कधी येणार आणि किती दिवस राहणार.

पप्पांची अवस्था बघवत नव्हती. भाकरी दुधात कुस्करून, बाळाला देतात तशी. सोसायटीच्या सभेत "सन्माननीय सभासद" म्हणताना पहिल्या रांगेत तुषार सिंचन झालं. मला शाळेत 'तारवाल्याची' असं नाव पडलं. तेही मी सोसलं असतं. पण आसाराम गुरुजी एकदा ओट्यावर बसून पप्पांच्या तोंडाकडे टक लावून म्हणाले, "अर्जुनराव, बत्तीस वर्षं आत बसून त्यानं सगळं ऐकलं असल, न्हाई का? तुमी बोललात ते, आणि बोलायचं गिळलंत ते बी." त्यानंतर पप्पा घरात हळू बोलायला लागले.

डॉक्टर दर महिन्याला पट्टी लावून मोजायचे. नोव्हेंबरात हलला नाही. डिसेंबरात हलला नाही. साखळी ताणून तुटायला आली, पण तो काही जागा होईना. आणि दुपारी घरात सगळं सामसूम असताना शेजारच्या पत्र्यावर आवाज व्हायचा. टण. थोड्या वेळानं, टण. "पत्रा तापला की वाजतो," पप्पा पडल्या पडल्या म्हणायचे. पण प्रत्येक टण झाला की त्यांचा हात गालाकडे जायचा, हे मी बघितलं होतं.

जानेवारीत संक्रांतीनंतरच्या रविवारी मी आजीचा डबा घेऊन गेले. ती चुलीपुढे पाठमोरी बसली होती.

"दार लोट आन हिकडं ये," ती म्हणाली. "माझ्या तोंडात बघ काय हाय."

"काय असणार, आजी?"

"बघ म्हणते ना."

तिनं आ केला. गुलाबी, गुळगुळीत हिरडी. मी बोट फिरवलं. वर, डावीकडे, जिथे पप्पांचा तो दाणा होता तिथे, काहीतरी टोचलं. मी मोबाइलचा उजेड पाडला. हिरडीतून एक पांढरं, टोकदार टोक बाहेर आलं होतं.

मी किंचाळले नाही. मला हे सांगताना अभिमान वाटतो. मी फक्त डबा सांडला.

---

संध्याकाळपर्यंत गावाचा निकाल लागला होता. पप्पांचा दात वत्सलाबाईला आला. इकडं ओढतात, तिकडं निघतो. रामहरी म्हणाला, "चेअरमन, आता साखळी सोडा, न्हाईतर म्हातारी भिंतीला येऊन चिकटंल."

मी रविराज डॉक्टरांना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "होतं असं. म्हातारपणी हाड झिजतं, आत राहिलेला एखादा दात उघडा पडतो."

"पण आत्ताच?"

"कधीही होतं."

"आणि त्याच जागी?"

"योगायोग," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन जरा लवकरच ठेवला.

आजी मात्र हसत नव्हती. तिनं जेवण सोडलं. जुन्या बाया सांगायच्या म्हणे, की म्हातारपणी फुटलेला दात घरातल्या कुणाचं तरी आयुष्य खातो. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आमच्या दारात येऊन उभी राहिली आणि तिनं पप्पांपुढे पदर पसरला. "अर्जुना, तुझा दात तू घिऊन जा. माझं एकच लेकरू हाय, तिकडं कोयता घिऊन उसात उभं हाय. त्याला काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

पप्पा लगेच शिडी लावून चढले. पत्र्यावर पहिलं पाऊल ठेवलं तसा पत्रा असा कण्हला, की खालून आजीच म्हणाली, "उतर बाबा, घर माझं एकच हाय." उतरताना त्यांचा ओठ तारेत अडकला आणि चेअरमनसाहेब शिडीवर अर्ध्यात, ओठ धरून, बोलता येईना आणि उतरता येईना, असे पाच मिनिटं उभे राहिले. रामहरीनं त्याचाही फोटो काढला.

मग मी ओढणी कंबरेला बांधली.

वर ऊन नुसतं पांढरं होतं. खालची माणसं एकदम लहान झाली होती. मी रांगत खालच्या कडेला गेले. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून तिथे दगडांची ओळ होती आणि दगडांमागे वर्षानुवर्षांची माती साचलेली. पप्पांची गोळी तिथेच अडकली होती, वाळून टणक. मी ती उचलली. आणि खाली मातीत काहीतरी चमकलं.

मी बोटानं माती सारली. एक दात निघाला. इवलासा. मग त्याच्या शेजारी दुसरा. दुसऱ्या दगडामागे तीन. मी सारत गेले आणि ते निघत गेले. पावसानं शेण धुऊन नेलेलं आणि दात राहिलेले, दगडांच्या आडोशाला एका ओळीत, जणू एखादं लांबलचक तोंड पत्र्याखाली निजलंय आणि मी त्याच्या ओठावर गुडघे टेकलेत.

मला तेव्हा आठवलं. गल्लीतली आम्ही सगळी पोरं आमचे दात आपापल्या स्लॅबवर कधी टाकतच नव्हतो. स्लॅबवर आवाज येत नाही. मोठ्यांची पाठ वळली, की आजीच्या पत्र्यावर. टण वाजला की मजा. माझेही दात इथेच असणार होते. आणि मी त्यांतला एकही ओळखू शकत नव्हते.

"काय हाय गं?" आजीनं खालून विचारलं.

"दात हायेत, आजी," मी म्हणाले, आणि माझा वक्तृत्वाचा आवाज कुठे गेला ते मला कळलं नाही. "लई हायेत."

मी सगळे ओढणीत बांधून खाली आणले आणि सुपात ओतले. मम्मी दोन पावलं मागे सरली. पप्पांनी गोळी फोडली. आत तो घासलेला, तपकिरी, हाच आपला म्हणून लगेच ओळखू येणारा. यावेळी त्यांनी तो खालून, हळूच, आंधळ्याला पैसा द्यावा तसा आमच्या स्लॅबवर टाकला. कुणी हसलं नाही.

आजी सुपाशी बसली होती. बोटानं एकेक दात बाजूला सारत होती. तिनं एक उचलला. त्याचा कोपरा तुटका होता.

"वनीचा," ती म्हणाली.

वनी म्हणजे वनमाला, धुळाजीकाकांची थोरली बहीण. मी तिचं नावच ऐकलं होतं. सातव्या वर्षी तापानं गेली.

"कसं ओळखलं, आजी?"

"उंबऱ्यावर पडलती, कोपरा गेलता. त्याच दाताला मग हलवून हलवून तिनं पाडलं. मी म्हणलं, टाक घरावर, नवा चांगला यील. टाकला." आजी त्या दाताकडे बघत राहिली. "नवा यायच्या आत ती गेली."

मम्मी पदर तोंडाला लावून उभी होती. मी विचारू नये ते विचारलं. "मग नवा?"

"कुठला नवा? पोरी, एक टाकला म्हंजी दुसरा येतोच, असं कुणी लिहून दिलंय व्हय?" तिनं तो दात पदराच्या गाठीत बांधला. उरलेले मला म्हणाली, जिथं होते तिथंच ठिवून ये. मी पुन्हा वर चढले आणि दगडांमागे ठेवून आले.

---

पुढच्या खेपेला बीडला डॉक्टरांनी पट्टी लावली, काढली, पुसून परत लावली. "हलला! एक मिलिमीटर!" ते म्हणाले, मागच्या वेळी आपण स्प्रिंग बदलली होती, तिचा गुण. पप्पा खुर्चीत पडल्या पडल्या माझ्याकडे बघायला लागले आणि मी भिंतीवरच्या दात घासायच्या तक्त्याकडे. आजीचा दात मात्र गेला नाही. पण धुळाजीकाकांचा फोन आला, तब्येत ठणठणीत, टोळीत सगळ्यात जास्त मोळ्या त्यांच्याच. तेव्हा आजीनं जेवण धरलं, आणि आता ती त्याच दातानं शेंगा फोडते. त्याचं बाहेर आलेलं टोक रोज आदल्या दिवसापेक्षा जरा जास्तच लांब दिसतं, असं मला वाटतं. मी मोजलेलं नाही. मोजणारही नाही.

निघताना डॉक्टर म्हणाले, "आता हिचा नंबर. परीक्षा एप्रिलात संपते ना? मेची दहा तारीख लिहू?" मम्मीनं पर्समधून डायरी काढली आणि लिहिलं: संस्कृती, दाढ. कुणी मला विचारलं नाही. लिहायला वेळ किती लागतो? दोन शब्द.

एसटीत मी खिडकीशी बसले. वडवणीपर्यंत जीभ दाढेवर. ती होती तिथेच, घट्ट, नेहमीसारखी, बारा वर्षं भुईमुगाच्या शेंगा, ऊस आणि पेनाची टोपणं चावत आलेली. तिला बदली मागता येत नव्हती, कारण बदलीवर पाठवायला कुणी नव्हतंच. मला पत्र्यावरची ती ओळ दिसायला लागली, आणि एक तुटका कोपरा.

घरी आल्यावर मम्मी कुकर लावायला निघाली आणि पप्पा बूट काढत होते. मी बैठकीच्या मधोमध उभी राहिले, पाय जुळवून, हात मागे, स्पर्धेत उभी राहते तशी. यावेळी माझ्यापुढे माइक नव्हता आणि पैजही नव्हती.

"मम्मी, पप्पा, दोघंही बसा. मला सांगायचंय," मी म्हणाले. मम्मी ओट्याशी थांबली. पप्पा एक बूट हातात घेऊन तसेच राहिले. "दहा तारखेला मी येणार नाही. माझी दाढ मी काढणार नाही. डॉक्टर म्हणाले होते निर्णय तुमचा, तेव्हा ते माझ्याकडे बघत होते. ती पडेल तेव्हा पडेल. पुढच्या वर्षी, नाहीतर मी पप्पांएवढी झाल्यावर. मांडवात असली तर मांडवात असेल, पाहुण्यांना आ करून दाखवीन. पण तिच्या जागी यायला कुणी नाही, म्हणून तिला मी घालवणार नाही."